साडी आमची, दागिने तुमचे: घरी केलेल्या हलव्याच्या दागिन्यांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ज्यांच्याबद्दल हे लिहितेय त्या काकू नाशिकला आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. हिशेब आणि चुका मात्र जशाच्या तशा आहेत, कारण मी तेव्हा सगळं वहीत लिहून ठेवत होते. खर्च हजारावर जायला लागला तर काकूंना आवरायचं, हे काम त्यांच्या वहिनींनी माझ्यावर सोपवलं होतं.

काकूंच्या भाचीचं, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीचं, लग्न नोव्हेंबर 2024 च्या शेवटी झालं. भाऊ काही वर्षांपूर्वी गेला. वहिनी घरी ब्लाउज शिवून देतात. लग्न नीट पार पडलं, पण त्यानंतर वहिनींच्या हाताशी काही उरलं नव्हतं. भाचीचं सासर वसईला. माणसं चांगली आणि हौशी.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात विहीणबाईंचा फोन आला. पहिली संक्रांत आहे, हळदीकुंकू मोठं करायचंय, सत्तरएक बायका येतील. त्यानंतरचं वाक्य वहिनींनी आम्हाला निदान तीनदा ऐकवलं: "काळी साडी आम्ही घेतलीय हो, दागिने तुमच्याकडून आले की झालं!"

नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने घालायचे ही रीत बहुतेक घरांत आहे, पण ते कोणी आणायचे याचं एकच उत्तर नाही. कुठे सासू करते, कुठे माहेरून येतात, कुठे दोन्हीकडून येतात आणि मग कोणते घालायचे यावरून रुसवे होतात. जावयालाही हार आणि गुच्छ लागतो. विहीणबाई सहज बोलल्या असतील. वहिनींनी मात्र ते सहज घेतलं नाही. मुलीच्या आईला असली वाक्यं सहज घेता येत नाहीत.

अडचण

मेन रोडवर आणि रविवार कारंजाच्या बाजूला चौकशी केली, तेव्हा बऱ्यापैकी दिसणारा सेट बाराशेच्या खाली नव्हता. जावयाच्या हारासकट भरगच्च हवा असेल तर तीन हजारांपुढे. वहिनी म्हणाल्या, हजारात बसवा. काकू म्हणाल्या, मी करते.

काकूंनी लहानपणी आईला हलवा करताना पाहिलं होतं. स्वतः कधी केला नव्हता. हातात सहा आठवडे होते. संक्रांत 14 जानेवारी 2025 ला, मंगळवारी होती. रथसप्तमी 4 फेब्रुवारीला, म्हणजे हळदीकुंकवाला मधले सगळे दिवस मोकळे. विहीणबाईंनी रविवार, 19 जानेवारी धरला.

पैशांपेक्षा अवघड अट वहिनींची होती: "घरी केलेत असं वाटता कामा नये." काकूंना ती लागली, पण त्या वेळी त्या काही बोलल्या नाहीत. ही अट पुढे दोनदा आडवी आली, म्हणून इथे नोंदवून ठेवते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय म्हणजे उसनवारी करून तयार सेट घ्यायचा. काकूंच्या पुतणीचे दोन वर्षांपूर्वीचे दागिने मागायचे असंही कोणीतरी सुचवलं. त्या डब्याचं झाकण उघडून पाहिलं तर आत पिवळट, चिकट गोळा होता. हलवा म्हणजे शेवटी साखर. त्यानं दोन पावसाळे काढले होते.

दुसरा पर्याय, बाजारातून तयार काटेरी हलवा आणायचा आणि गुंफण्याचं काम फक्त घरी करायचं. सगळ्यात शहाणपणाचा पर्याय हाच, असं माझं मत होतं आणि मी ते दोनदा सांगितलं.

तिसरा, हलवाही घरी करायचा. काकूंचं मन इथेच होतं. त्यांचं म्हणणं असं की बाजारातला हलवा आणून गुंफला तर तो बाजारातल्या दागिन्यासारखाच दिसणार, फक्त जरा कमी सफाईनं. मग घरी करून मिळवलं काय?

शेवटी ठरलं की डिसेंबरमध्ये हलव्याचा एक घाण, म्हणजे एका वेळी कढईत होईल तेवढा, करून बघायचा. जमला तर घरचा, नाही तर माझा पर्याय. तारीखही ठरवली: 31 डिसेंबरपर्यंत दाण्यावर साखरेचा काटा आला नाही तर हट्ट सोडायचा. आधीच अशी तारीख घालून घेतली हे आमच्या हातून झालेलं पहिलं बरं काम.

हलवा: एक फसलेला घाण, दोन जमलेले

पहिला घाण 15 डिसेंबरला रात्री जेवणं आटोपल्यावर केला. जाड बुडाच्या कढईत तीळ, बाजूच्या शेगडीवर साखरेचा पाक. पाक जरा जास्तच आटला आणि आच मोठी राहिली. अर्ध्या तासात तिळाचे चार-चार, पाच-पाच दाणे एकमेकांना चिकटून चिक्कीचा चुरा झाला. काकूंनी तो डब्यात भरला आणि म्हणाल्या, "चहाबरोबर खाऊ." आम्ही खाल्लाही.

दुसऱ्या घाणाच्या आधी काकूंनी आपल्या मोठ्या बहिणीला फोन केला. ऐंशीच्या पुढच्या त्या बाई तासभर बोलत होत्या आणि मी लिहून घेत होते. त्यातलं कामाचं असं: साखर भिजेल एवढंच पाणी, उकळी आली की चमचाभर दूध घालून वर येणारी मळी काढायची, पाक एकतारीच्या अलीकडेच थांबवायचा आणि कोमट ठेवायचा. तीळ दोनच चमचे घ्यायचे, जास्त नाही. आच अगदी बारीक. पाक एका वेळी चहाचा एक चमचा घालायचा आणि तो सुकेपर्यंत बोटांनी हलवत राहायचं. सुकला की पुढचा चमचा. "घाई केलीस तर भुगा होईल," त्या म्हणाल्या, "आणि जोरानं हलवलंस तर दाणा गुळगुळीत होईल. काटा हळू हाताला येतो."

हे असं का होतं ते मी नंतर डोळ्यांनी पाहिलं. प्रत्येक चमच्याबरोबर दाण्यावर साखरेचा एक पातळ थर सुकतो. हवा थंड आणि कोरडी असेल तर साखरेचे कण आधीच्या कणांवर चढत जातात आणि टोकं बाहेर निघतात. सारखं घासलं तर तीच टोकं झडतात आणि कढईच्या तळाला पांढरं पीठ दिसायला लागतं. नाशिकची डिसेंबरअखेरची पहाट याला फार चांगली. काकूंनी परात आणि छोटी शेगडी मागच्या गॅलरीत नेली आणि 28, 29, 30 असे तीन दिवस पहाटे साडेपाचपासून आठपर्यंत, पुन्हा संध्याकाळी दोन तास बसल्या. पहिल्या दिवशी तीळ नुसते पांढरे झाले. दुसऱ्या दिवशी ज्वारीएवढे टपोरे. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांनी खालून मला हाक मारली. परातीत बोट फिरवलं तर टोचत होतं.

तारखेच्या एक दिवस आधी काटा आला होता. मी माझा पर्याय मागे घेतला.

तिसरा घाण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, थोडा साबुदाण्यावर आणि अगदी थोडा खसखशीवर. खसखस महाग, पण दाणे इतके बारीक की 25 ग्रॅमसुद्धा उरली. खसखशीचा हलवा मोहरीएवढाच ठेवला, नथेसाठी.

पहिला मोठा निर्णय: किती दागिने?

वहिनींची यादी चौदा दागिन्यांची होती. मुकुट, बिंदी, नथ, कानातली, चिंचपेटी, तन्मणी, मंगळसूत्र, लांब हार, बाजूबंद, तोडे, अंगठी, कंबरपट्टा, गजरा, जोडवी. जावयाचं वेगळं. बाजारातल्या सेटमध्ये हे सगळं असतं म्हणून यादीतही होतं.

काकूंनी एका संध्याकाळी आम्हा तिघींना बसवलं आणि फोनवर गेल्या काही वर्षांतले नात्यातल्या संक्रांतीचे फोटो काढायला लावले. कोणते दागिने डोळ्यांत भरतात ते बघा, म्हणाल्या. बघितलं तर गंमत वाटली. सगळे चौदा घातलेल्या मुलींचे चेहरेच दिसत नव्हते. पांढऱ्या ठिपक्यांचा एक ढीग आणि त्यात दोन डोळे. मुकुट बहुतेक फोटोंत कलंडलेला. बाजूबंद साडीच्या पदराखाली गेलेला. जोडवी तर एकाही फोटोत नव्हती.

मग यादी सहावर आली: नथ, कानातली, तन्मणी, मंगळसूत्र, तोडे, कंबरपट्टा. जावयाला हार आणि एक छोटा गुच्छ. लांब हार वहिनींना हवा होता आणि मंगळसूत्र तर सोडणं शक्यच नव्हतं, तेव्हा काकूंनी दोन्ही एकत्र केले. बेंबीपर्यंत येणारं दुपदरी मंगळसूत्र, खाली हलव्याच्या दोन वाट्या.

या निर्णयाला वहिनींचा विरोध होता. "कमी दिसेल" हे त्यांचं म्हणणं. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात खरी उठावदार गोष्ट कोणती होती, तर हीच काटछाट. बायका नंतर ज्या दागिन्यांबद्दल बोलल्या ते जवळून बघण्यासारखे होते म्हणून बोलल्या, आणि जवळून बघण्यासारखे सहा करता आले ते चौदा केले नाहीत म्हणून.

दाणे निवडणं

हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याबद्दल कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घरचा हलवा एकसारखा येत नाही. एकाच घाणात ज्वारीएवढा दाणा आणि वाटाण्याएवढा दाणा शेजारी शेजारी असतात. तसाच गुंफला तर माळ दातपडक्या हसण्यासारखी दिसते. काकूंनी आधी रव्याच्या चाळणीनं भुगा काढला, मग गव्हाच्या चाळणीनं लहान-मोठे वेगळे केले. त्यानंतर काळ्या शालीवर दाणे पसरून हातानं तीन ढीग. जुळे चिकटलेले, एका बाजूला चपटे झालेले, पिवळट झाक असलेले सगळे बाजूला. जवळजवळ तिसरा हिस्सा असा बाद झाला. तो तिळगुळाबरोबर वाटला गेला.

काळ्या शालीचा आणखी एक फायदा झाला. मंगळसूत्रासाठी आम्ही हलव्याच्या दाण्यांमध्ये काळे मणी ओवायचे ठरवले होते. नमुना शालीवर ठेवला आणि काळे मणी गायबच झाले! साडीही काळीच असणार. माळेत भोकं पडल्यासारखी दिसत होती. मग दर पाच दाण्यांनंतर एक बारीक सोनेरी मणी घेतला आणि काळे मणी फक्त वाट्यांच्या आजूबाजूला, सोनेरी मण्यांच्या कोंदणात ठेवले. हा नमुना पांढऱ्या चादरीवर पाहिला असता तर आम्हाला हळदीकुंकवाच्या दिवशीच कळलं असतं.

दुसरा मोठा निर्णय: गाठी की गोंद?

हलव्याच्या दाण्याला सुईनं भोक पाडता येत नाही, तडकतो. जुनी पद्धत गाठींची. दुहेरी दोरा घ्यायचा, एक टोक खुर्चीच्या पायाला किंवा स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला बांधायचं, दोन पदरांच्या मध्ये दाणा धरायचा आणि पलीकडे गाठ मारायची. मग पुढचा दाणा. दोरा दाण्याच्या काट्यांत रुतून बसतो आणि दाणा सुटत नाही. नवी पद्धत म्हणजे पुठ्ठ्यावर आकार कापायचा, गोंद लावायचा आणि दाणे चिकटवायचे. एका संध्याकाळी सेट तयार.

मी गोंदाच्या बाजूनं होते. वेळ वाचत होता. पण नमुना केला तेव्हा दुसऱ्या दिवशी दाण्याच्या बुडाशी पिवळसर कड दिसली. गोंदातल्या ओलीनं साखर विरघळते, सुकताना तिच्यावर डाग धरतो आणि दाणा एका बाजूनं बसका होतो. गोंद पुठ्ठ्यावर पाच-सात मिनिटं ठेवून चिकट होऊ दिला आणि मग दाणे लावले तर डाग कमी येतो, पण येतोच.

काकूंची हरकत वेगळी होती. "लेकरं ओढून खातात गं. गोंद लागलेला दाणा पोटात नको." हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता.

मग बाजारातून अर्धा किलो तयार हलवा आणून तोही गाठीत धरून पाहिला. तो घसरून निघत होता. त्याचा काटा बोथट आणि ठेवण गुळगुळीत, त्यामुळे दोऱ्याला पकड मिळेना. काटेरी हलव्याचा काटा नुसता दिसायला नसतो, तो दोरा धरून ठेवतो, हे मला त्या दिवशी कळलं. रंगही वेगळा होता. बाजारातला खडूसारखा निळसर पांढरा, घरचा सायीसारखा. शेजारी ठेवले की दोन्ही वाईट दिसत.

निर्णय असा झाला: भाचीच्या अंगावर जे जे जाणार ते आणि जावयाचा हार घरच्या हलव्याचं आणि फक्त गाठींचं. जावयाचा गुच्छ आणि तोड्यांच्या खोक्यावरची सजावट बाजारातल्या हलव्याची, गोंदानं. दोन पांढरे रंग एका दागिन्यात कधीच एकत्र यायचे नाहीत.

गाठी मारायला 7 ते 16 जानेवारी असे दहा दिवस लागले. हात बसल्यावर तासाला चाळीसएक गाठी होत. नथेचं काम काकूंनी एकटीनं केलं. बारीक तारेवर खसखशीचे दाणे, मध्ये एक डाळिंबी मणी, आणि कडेला जरीचा एकच पदर. तळहातावर ठेवली तर खरी मोत्याची म्हणून कोणीही फसलं असतं. तिला एक पूर्ण रविवार गेला.

हिशेब

साखर 3 किलो 135 रुपये, तीळ पाव किलो 60, साबुदाणा पाव किलो 20, खसखस 50, तयार हलवा अर्धा किलो 110, दोरा 40, सोनेरी मणी आणि जर 190, मखमली कागद आणि पुठ्ठा 60, तार 25, गोंद 30, खोका आणि बटर पेपर 75. एकूण 795 रुपये. यात फसलेला घाण धरलेला आहे, गॅस धरलेला नाही.

तासही लिहिले होते: काकू 38, मी 14, माझी मुलगी 5. एकूण 57. स्वस्त म्हणताना हा आकडा समोर ठेवावा. काकूंकडे वेळ होता आणि आवड होती म्हणून ते स्वस्त पडलं. नोकरी करणाऱ्या बाईला बाराशेचा सेट याहून स्वस्त आहे.

19 जानेवारी

बांधणी काकूंनी विचार करून केली होती. प्रत्येक दागिना पुठ्ठ्यावर दोऱ्यानं टाचलेला, वर बटर पेपर, खोक्यात औषधांच्या बाटल्यांमधून आणि बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. भाड्याच्या गाडीनं कसारा घाटातून निघालो, वळणं आणि खड्डे धरून एक दाणा निखळला नाही. अकराला वसईत पोचलो.

आणि तिथे पहिली चूक झाली. विहीणबाईंनी रुखवतासारखं टेबल मांडलं होतं, साडी पसरून ठेवली होती. त्यांनी कौतुकानं खोकं उघडलं आणि दागिने साडीवर मांडले. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघावेत म्हणून. कार्यक्रम पाचला. मध्ये सहा तास, समुद्राजवळची दमट हवा, खिडक्या उघड्या. चारच्या सुमाराला मी तन्मणीला हात लावला तर बोटाला चिकटपणा जाणवला. नाशिकच्या कोरड्या हवेत जवळजवळ तीन आठवडे कडक राहिलेला हलवा वसईत एका दुपारी घामेजला. काकू आणि मी, दोघीही काही बोललो नाही. विहीणबाईंच्या हौशीला टोकणार कसं? खरं तर "दोन दागिने मांडू, बाकीचे डब्यात राहू देत" एवढं म्हणता आलं असतं आणि त्यांना ते पटलंही असतं.

सजल्यावर भाची जी दिसली, त्याचं वर्णन मी करत नाही. काकू स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आल्या. बायका आत यायच्या, कुंकू लावून घ्यायच्या आणि नथेपाशी थबकायच्या. एकीनं चष्मा काढून जवळून पाहिलं. "एवढा बारीक काटा हल्ली मिळत नाही," असं एक आजी म्हणाल्या. त्यांना माहीत होतं त्या काय बघताहेत.

विहीणबाईंनी विचारलं, "कुठून घेतले हो?" वहिनी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "नाशिकहून." खोटं नव्हतं. काकू शेजारी उभ्या होत्या. त्या तिळगुळाचं ताट घेऊन पुढे सरकल्या.

साधारण साडेसहाला भाची ओटी भरून घ्यायला पाटावर बसली आणि कंबरपट्टा तुटला. माप उभं असताना घेतलं होतं, बसल्यावर कंबर वाढते हे तीन बायकांपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही. शिवाय कंबरपट्ट्याला दोरा तोच साधा वापरला होता. पन्नाससाठ दाणे टपटप फरशीवर. जमलेली पोरं बोरन्हाणाला धावतात तशी धावली आणि मिनिटभरात सगळे दाणे पोरांच्या तोंडात. विहीणबाई घाबरून "अगं, गोंद असेल त्याला!" म्हणत मागे धावल्या, तेव्हा काकूंच्या तोंडून निघून गेलं, "नाही हो, एकालाही गोंद नाही. मी गाठी मारल्यात."

झालं. कळलं सगळ्यांना. वहिनींचा चेहरा पडला. पुढची दहा मिनिटं विहीणबाई काकूंना सोडेचनात: कढई कोणती, आच किती, खसखशीवर काटा कसा धरला. आजींनी काकूंना आपल्याजवळ बसवून घेतलं. तीन जणींनी पुढच्या वर्षीसाठी आत्ताच सांगून ठेवलं. वहिनी जेवताना मला हळूच म्हणाल्या, "आधीच सांगायला हवं होतं का गं?" मी हो म्हटलं. मला अजूनही तसंच वाटतं. सांगून दिले असते तर दुपारी दागिने डब्यात ठेवा म्हणायलाही तोंड राहिलं असतं. विकत आणलेली वस्तू म्हणून दिली, त्यामुळे ती जपायची कशी हे सांगायचा हक्कच आम्ही घालवला.

रात्री दागिने उतरवताना आणखी दोन गोष्टी दिसल्या. तन्मणी मानेला चिकटला होता आणि काढताना चार दाणे तिथेच राहिले. साडीच्या पदरावर साखरेचे पांढरे डाग उमटले होते, ते ओल्या फडक्यानं निघाले. मंगळसूत्र ज्या पिशवीत ठेवलं तिच्यात सकाळी मुंग्या.

पुन्हा करायचं झालं तर

काकू आणि मी परतताना गाडीत याच्यावर बरंच बोललो. त्यांचं म्हणणं होतं की आम्ही सगळे दागिने शालीवर ठेवून पाहिले, अंगावर घालून एकदाही पाहिले नाहीत. जे बिघडलं ते सगळं अंगावरच बिघडलं: बसणं, घाम, मान, वाकणं. माझ्या मुलीला आठवडाभर आधी सगळं घालून तासभर घरात फिरवलं असतं तरी कंबरपट्टा आणि तन्मणी दोन्ही सापडले असते.

कंबरपट्ट्याला मागच्या बाजूला दोन इंच इलॅस्टिक आणि आतून पतंगाचा नव्हे, पण गोधडी शिवतात तसला जाड मेणाचा दोरा. माप बसून घ्यायचं. गळ्याला टेकणाऱ्या प्रत्येक दागिन्याला मागून काळ्या मखमलीची पातळ पट्टी, म्हणजे घाम दाण्यापर्यंत जात नाही आणि साडीवर डागही येत नाहीत. यात फार तर पन्नास रुपये वाढले असते आणि बजेटमध्ये ते होते. मी वहीकडे बघत बसले होते आणि उरलेल्या दोनशे पाच रुपयांचा मला अभिमान वाटत होता, तो जरा अस्थानी होता.

एका मुद्द्यावर आमचं अजून जमलेलं नाही. जावयाच्या हारासाठी बाजारातलाच हलवा वापरून गोंदानं काम उरकायला हवं होतं, असं मला वाटतं. तो पाच मिनिटं गळ्यात राहिला, एक फोटो झाला आणि खुर्चीच्या पाठीवर गेला. त्यात काकूंचे सहा तास गेले होते. काकू म्हणतात, जावयाला वेगळं कसं करणार?

पुढच्या संक्रांतीच्या ज्या तीन मागण्या आल्या, त्यातली एकच काकूंनी घेतली. एका बाळाच्या बोरन्हाणासाठी मुकुट, हार, बासरी आणि वाळे. गोंद नाही, फक्त गाठी. त्यांनी सातशे सांगितले. मी तास मोजून दाखवले आणि म्हटलं, हे फार कमी आहेत. त्या म्हणाल्या, "पहिलंच आहे, बघू."

भाचीनं नथ ठेवली आहे, घट्ट झाकणाच्या डबीत, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसकट. ऑगस्टमध्ये तिनं फोटो पाठवला. दाणे थोडे आखूड झाले होते, काटा मात्र अजून दिसत होता.